क्लचमधला रबरी कप आणि त्याची सव्वादोनशे वर्षं

आजचा भाग गाड्यांवर आहे, पण टॉप स्पीड, हॉर्सपॉवर असलं काही निघणार नाही. आज बोलायचंय रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान अशा एका रबराच्या कपाबद्दल. जुन्या गाडीच्या हायड्रॉलिक क्लचमध्ये हा कप बसलेला असतो. तो गेला की गाडी जागची हलत नाही, आणि चुकीचं तेल पडलं तर तो काही दिवसांत फुगून बसतो. त्याचा इतिहास शोधत गेलो तर १७९५ सालापर्यंत पोचलो. वाटेत विमानाची कंपनी लागली, एरंडेल लागलं आणि आपल्या गावाकडचा हापसासुद्धा लागला. चला तर.

आधी क्लच म्हणजे काय ते दोन वाक्यांत. इंजिन फिरत असतं आणि चाकं थांबलेली असतात. दोघांना थोडा वेळ वेगळं करायचं, गिअर टाकायचा आणि हळूच पुन्हा जोडायचं, हे क्लचचं काम. त्यासाठी तुमच्या पायाचा जोर पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत पोचवावा लागतो. हा जोर पोचवायचे तीन रस्ते आहेत: लोखंडी दांडे, केबल, किंवा नळीत भरलेला द्रव. तिसरा रस्ता म्हणजे हायड्रॉलिक क्लच.

यात पेडलपाशी एक छोटा सिलिंडर असतो, तो मास्टर. गिअरबॉक्सपाशी दुसरा असतो, तो स्लेव्ह. ही नावं जुन्या जमान्यातली आहेत आणि आज ती खटकतात, पण गॅरेजमध्ये तीच चालतात म्हणून मीही तीच वापरतो. मधे एक धातूची नळी आणि शेवटच्या टप्प्यात वाकणारा रबरी होज. पेडल दाबलं की मास्टरमधला पिस्टन द्रव ढकलतो. द्रव दाबून लहान होत नाही, त्यामुळे तो स्लेव्हच्या पिस्टनला ढकलतो, आणि तो पिस्टन क्लचचा काटा हलवतो.

शाळेत पास्कलचा नियम पाठ केला होता ना? ब्लेझ पास्कलचं द्रवांवरचं लिखाण त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापलं गेलं. बंद भांड्यातल्या द्रवावर कुठेही दाब दिला तरी तो सगळीकडे सारखा पोचतो. आता एक खरं उदाहरण घेऊ. एमजीबी नावाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनमध्ये बनली. तिच्या क्लच मास्टरचा व्यास पाऊण इंच आणि स्लेव्हचा सव्वा इंच. क्षेत्रफळांचं गुणोत्तर काढलं तर येतं २५ भागिले ९, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. मास्टरच्या पिस्टनवर १० किलोचा जोर दिला तर स्लेव्हवर साधारण २८ किलोचा मिळतो.

पण फुकट काहीच मिळत नाही. जोर पावणेतीन पट झाला की हालचाल तेवढ्याच पटीने कमी होते. मास्टरचा पिस्टन २५ मिलिमीटर सरकला तर स्लेव्हचा फक्त ९ मिलिमीटर. हे ९ मिलिमीटर लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भानगड त्यांच्याभोवती आहे.

पाणी अडवायचं कसं?

पास्कलचा नियम कागदावर आला, पण त्याचं यंत्र बनायला सव्वाशेहून जास्त वर्षं गेली. लंडनमधल्या जोसेफ ब्रॅमा याने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. कल्पना झकास होती, अडचण एकच: दाब वाढला की पिस्टनच्या कडेने पाणी बाहेर यायचं. पॅकिंग घट्ट आवळावं तर पिस्टन अडकणार, सैल ठेवावं तर पाणी गळणार.

तोडगा निघाला तो ब्रॅमाच्याच कारखान्यात. त्याचं श्रेय सहसा तिथे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्ले याला दिलं जातं. यंत्रं बनवणारी यंत्रं ज्यांनी घडवली, त्या मोठ्या कारागिरांपैकी हा एक. त्याने चामड्याची वाकवलेली कड बसवली, वाटीसारखी, तोंड पाण्याच्या बाजूला. दाब वाढला की पाणी वाटीत शिरतं आणि तिची कड भिंतीवर दाबून धरतं. जितका दाब जास्त, तितकी कड घट्ट. दाब गेला की कड सैल होते आणि पिस्टन मोकळा होतो. गळती करू पाहणारं पाणीच गळती थांबवायला जुंपलं!

ही वाटी तुम्ही पाहिलेली आहे. सायकलच्या दुकानात उभ्या पंपातला चामड्याचा वायसर आठवतोय? पंप हवा धरेना झाला की दुकानदार तो उघडायचा, वायसरला तेल लावायचा, बोटांनी कड जरा पसरवायचा आणि पंप पुन्हा चालू. गावातल्या हापशाच्या पोटातही हीच वाटी. आपल्याकडच्या सोलापूर पंपाच्या अनुभवातून १९७० च्या दशकात इंडिया मार्क टू हा हापसा घडला आणि देशभर, पुढे परदेशातही पोचला. त्यातही आधी चामड्याचे वायसर होते, नंतर नायट्रिल रबराचे आले. चामड्याकडून रबराकडे हा प्रवास गाड्यांनी त्याच्या अर्धशतक आधी केला होता.

विमानवाल्याचा भाऊ

आता अमेरिकेत जाऊ. अ‍ॅलन आणि माल्कम लॉकहीड हे दोघे भाऊ. त्यांच्या आडनावाचं मूळ इंग्रजी स्पेलिंग असं होतं की लोक ते हमखास चुकीचं वाचायचे, म्हणून पुढे त्यांनी उच्चाराप्रमाणे लिहायला सुरुवात केली. १९१६ मध्ये दोघांनी विमानाची कंपनी काढली. तीच पहिली कंपनी पुढे टिकली नाही, पण नाव टिकलं. आज आपलं हवाई दल जे सी-१३०जे विमान वापरतं, त्याच्या निर्मात्या लॉकहीड मार्टिनच्या नावात तेच आडनाव आहे.

माल्कमचं लक्ष मात्र ब्रेककडे होतं. त्या काळात गाड्यांचे ब्रेक दांड्यांनी किंवा केबलने चालायचे आणि चारही चाकांना सारखा जोर पोचवणं ही रोजची डोकेदुखी होती. एका चाकाला जास्त जोर गेला की गाडी तिरकी ओढली जायची. माल्कमने पास्कलचा नियम गाडीत आणला. १९१९ मध्ये भावाची कंपनी सोडून तो डेट्रॉइटला गेला आणि हायड्रॉलिक ब्रेकची कंपनी काढली. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्गच्या मॉडेल ए या गाडीत चारही चाकांना हे ब्रेक आले. पण ती होती श्रीमंतांची गाडी.

आणि ब्रॅमाचीच अडचण पुन्हा पुढे उभी राहिली. सुरुवातीचे ब्रेक कातड्याच्या वाट्यांवर चालायचे आणि गळायचे. १९२४ मध्ये वॉल्टर क्रायस्लरने आपली पहिली गाडी आणली, तेव्हा त्याच्या इंजिनियर्सनी हे डिझाइन पुन्हा तपासलं आणि कातड्याच्या जागी रबरी कप आणले. इथून हायड्रॉलिक ब्रेक सामान्य गिऱ्हाइकाच्या गाडीत शिरायला लागला.

रबर आलं आणि नवा प्रश्न घेऊन आलं: नळीत द्रव कुठला भरायचा? पाणी गोठतं, उकळतं, गंज आणतं. इंजिन ऑइलसारखं खनिज तेल नैसर्गिक रबराला फुगवतं. मग उपयोगी पडलं एरंडेल! ते रबराला फारसा त्रास देत नाही आणि वंगणाचं काम करतं, फक्त थंडीत घट्ट होतं, म्हणून त्यात अल्कोहोल मिसळायचं. लहानपणी आजीने नाक दाबून पाजलेलं एरंडेल एकेकाळी गाड्या थांबवायचं, असं म्हणायला हरकत नाही. पुढे ग्लायकॉलवर आधारलेले द्रव आले आणि डॉट ३, डॉट ४ या नावांनी आजही तेच चालतात.

ब्रेकचा शोध क्लचमध्ये

ब्रिटनमध्ये लॉकहीडचे ब्रेक बनवायचा परवाना होता ऑटोमोटिव्ह प्रॉडक्ट्स या कंपनीकडे, लेमिंग्टन स्पा या गावात. हीच कंपनी बोर्ग अँड बेक नावाचे क्लचही बनवायची. म्हणजे ब्रेकचा द्रव आणि क्लचची प्लेट एकाच छपराखाली. एमजीच्या जुन्या टी मालिकेतल्या गाड्यांचा क्लच दांड्या-केबलचा होता. १९५५ मध्ये आलेल्या एमजीएपासून तो हायड्रॉलिक झाला.

का झाला? इंजिन आता मऊ रबरी माउंटिंगवर बसवलं जात होतं, म्हणजे ते चालताना हलतं. कडक दांड्याला हे हलणं सोसत नाही, पेडल थरथरतं. वाकणाऱ्या होजला मात्र काही फरक पडत नाही. दुसरं कारण बाजारपेठेचं. एमजीची बहुतेक गिऱ्हाइकं अमेरिकेत होती. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, ब्रिटनमध्ये उजवीकडे. दांड्यांची जुळणी दोन्हीसाठी वेगळी करावी लागते. नळी काय, वळवली की झालं.

याचा आपल्याशी संबंध आहे का? आहे. एमजीएचं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसीच्या बी-सिरीजमधलं होतं, आणि याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये कित्येक वर्षं होतं. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिनही त्याच कुळातलं. म्हणजे लंडनच्या रस्त्यावरची स्पोर्ट्स कार आणि मंत्रालयासमोरची पांढरी अ‍ॅम्बेसेडर ही चुलत भावंडं! सुट्या भागांचा धंदाही तिकडून इकडे आला. १९६२ मध्ये, एमजीबी आली त्याच वर्षी, टीव्हीएस गट आणि ब्रिटनची लुकास यांच्या भागीदारीतून मद्रासला ब्रेक्स इंडिया उभी राहिली. आणि मुंबईत भांडुपची ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, जी आपण लॅम्ब्रेटा स्कूटरमुळे ओळखतो, ब्रेक आणि क्लचचे भागही बनवायची.

एक शनिवार, तीन भाग

हे सगळं मला कुठून सुचलं ते सांगतो. कंपनीच्या प्रोजेक्टवर मी काही महिने कव्हेंट्रीला होतो. लेमिंग्टन तिथून अगदी जवळ. ज्यांच्या घरात मी भाड्याने राहायचो, त्या आजोबांकडे १९७१ ची एमजीबी होती. तिला रिव्हर्स टाकताना खरखर आवाज यायला लागला होता आणि पेडल दाबून धरलं की ते हळूहळू खाली जायचं. बाहेर मात्र एक थेंब दिसत नव्हता. ‘शनिवारी मोकळा असशील तर ये हाताखाली,’ म्हणाले. आम्ही बीटेकवाले लोक! फ्लुइड मेकॅनिक्सचे दोन पेपर दिलेले, पण सिलिंडर कधी हातात घेतला नव्हता. गेलो.

पहिला धडा: पाना उचलण्याआधी पिन बघा. पेडल आणि मास्टरचा दांडा एका आडव्या पिनने जोडलेले असतात. पन्नास वर्षांत ती पिन झिजते आणि तिचं गोल भोक लंबगोल होतं. तिथे ३ मिलिमीटर ढिलाई आली की स्लेव्हपाशी १ मिलिमीटरहून जास्त हालचाल कमी होते. ९ मधला १ मिलिमीटर म्हणजे थोडाथोडका नाही. हायड्रॉलिकमध्ये काहीही बिघडलेलं नसताना लोक सगळा क्लच उघडतात, आणि दोष निघतो या स्वस्तातल्या पिनेत. आमची पिन झिजलेली होतीच, पण पेडल आपोआप खाली जाणं हे पिनेचं लक्षण नाही. याचा अर्थ मास्टरमधला कप दाब धरत नव्हता. द्रव बाहेर न पडता कपाच्या कडेवरून मागे जात होता.

मग फक्त मास्टर बदलून भागेल ना? आजोबांनी मान हलवली. मास्टर, होज, स्लेव्ह तिन्ही एकदमच बदलायचे. मला आधी हा खर्चिक हट्ट वाटला, पण कारण ऐकलं आणि पटलं. तिन्ही भाग एकाच वयाचे, एकाच द्रवात भिजलेले. थकलेला मास्टर अर्धाच दाब देत होता, तेवढ्यावर थकलेला स्लेव्ह निभावून नेत होता. नवा मास्टर पूर्ण दाब देणार आणि पुढच्या महिन्यात स्लेव्ह गळायला लागणार. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. एकच लायब्ररी अपग्रेड केली की तिच्यावर अवलंबून असलेलं जुनं काहीतरी दुसऱ्या दिवशी कोसळतं.

एमजीबीचा स्लेव्ह गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बाजूला दोन बोल्टवर बसलेला आहे. गाडीखाली शिरलं की हात पोचतो. काढून उघडला तर रबरी टोपीच्या आत काळपट चिखल आणि सिलिंडरच्या भिंतीवर बारीक खड्डे. ग्लायकॉलचा द्रव हवेतला ओलावा शोषतो. स्लेव्ह हा सगळ्यात खालचा भाग, त्यामुळे घाण तिथेच साचते आणि गंजाचे खड्डे पडतात. अशा भिंतीवर नवा कप टाकला तर खड्ड्यांवर घासून तो लवकर जातो. भिंत गुळगुळीत असती तर नुसतं किट टाकून काम झालं असतं. होज वरून धडधाकट दिसत होता. पण जुन्या होजचं आतलं रबर फुगून भोक चिंचोळं होतं. मग दाब पुढे जातो आणि परत येताना अडकतो, क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. वरून बघून होजचं वय कळत नाही.

नवे भाग बसवताना कपाला रबर ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावायचं नाही, ते खनिज तेलाचं असतं. मास्टरच्या दांड्याला किंचित ढिलाई ठेवली. पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला पाहिजे, तरच टाकीकडचं बारीक भोक उघडं राहतं आणि गरम होऊन फुगलेल्या द्रवाला वर जायला वाट मिळते. ती वाट बंद झाली तर दाब आतच अडकतो आणि क्लच घसरायला लागतो.

शेवटी एअर काढणे. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पेडलचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो, कारण द्रव दबत नाही पण हवा दबते. नेहमीच्या पद्धतीने वरून पेडल मारत हवा खाली ढकलली, तर हवा परत वर चढू बघते. आजोबांनी मोठ्या सिरिंजने खालच्या निपलमधून द्रव वर चढवला. हवेला जिकडे जायचं होतं तिकडेच तिला पाठवलं. टाकीत बुडबुडे आले आणि थांबले. मग त्यांनी मला गाडीखाली पट्टी घेऊन झोपायला लावलं आणि स्वतः पेडल दाबलं. स्लेव्हचा दांडा साधारण अर्धा इंच सरकला. रिव्हर्स आवाज न करता पडला.

‘ब्रेक ऑइल’ या नावाची गडबड

आता मुद्द्याचं. आपल्याकडे या द्रवाला सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. दुकानात तेच नाव, गॅरेजमध्ये तेच नाव. पण ते ऑइल नाही, आणि ही नुसती भाषेची कुरकुर नाही. ऑइल म्हटलं की कोणीतरी घाईत दुसरं ऑइल ओततो. खनिज तेलाने या प्रणालीतलं रबर फुगतं. एकदा ओतलं की मास्टर, होज, स्लेव्ह, सगळीकडचं रबर बदलावं लागतं. सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायची आपली सवयही इथे घातकच. हे भाग स्वच्छ करायला ताजा ब्रेक फ्लुइड किंवा स्पिरिट. उलट हाच फ्लुइड रंगावर सांडला तर रंग निघतो, म्हणून बाजूला पाण्याची बादली हवी.

आणि हे फक्त जुन्या गाड्यांपुरतं नाही. तुमच्या घरी हायड्रॉलिक क्लचवाली नवी गाडी असेल तर बहुतेक वेळा क्लचचा द्रव ब्रेकच्याच टाकीतून येतो. क्लचची नळी टाकीत जरा वर जोडलेली असते, म्हणजे क्लच गळून रिकामा झाला तरी ब्रेकसाठी तळाशी द्रव उरतो. त्या टाकीत काय ओतलं जातं यावर ब्रेकही अवलंबून आहे. डॉट ३ कोरडा असताना कमीत कमी २०५ अंश सेल्सिअसला उकळतो, ओलावा शोषल्यावर ही हमी १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. घाट उतरताना तापलेल्या ब्रेकमध्ये जुना, ओला द्रव उकळला की वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. द्रव दर दोनेक वर्षांनी बदला असं सांगतात ते यासाठी. डॉट ५ हा सिलिकॉनचा, वेगळ्याच जातीचा. नाव पुढच्या नंबरचं म्हणून तो डॉट ४ मध्ये मिसळू नका.

अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या होत्या. सुट्या भागांचा धंदा मात्र चालू राहिला, इतका की १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजने एमजीबीची अख्खी बॉडी नव्याने बनवून विकायला सुरुवात केली. आजोबांचे तिन्ही भाग पोस्टाने घरी आले होते. पन्नास वर्षांच्या गाडीचे!

याच्या उलट आजच्या बऱ्याच गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती गोल बसवलेला असतो. जागा वाचते, काटा लागत नाही, काम नेमकं होतं. पण तोच रबरी कप गळायला लागला की अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. किट मिळत नाही, पूर्ण युनिट बदलायचं. दोन बोल्टचं काम दिवसभराचं झालं. इंजिनियर म्हणून मला ते डिझाइन समजतं, पण तो कप कधीतरी जाणार हे १७९५ पासून सगळ्यांना माहीत आहे. तो बदलायला हात पोचेल अशी जागा ठेवायची की नाही, हे डिझाइन करणारा ठरवतो आणि बिल आपण भरतो.

तुमच्या गल्लीत अजून किट टाकून देणारा कोणी जुना मेकॅनिक असेल तर एकदा त्याच्याकडे जाऊन बसा. काढलेला जुना कप हातात घेऊन त्याची कड बघा, झिजलेली, कडक झालेली. आणि त्याने सांगितलेला किस्सा आम्हाला व्हॉइस नोटवर नक्की पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत बॉनेट उघडा आणि त्या छोट्या टाकीतल्या द्रवाचा रंग बघून घ्या. काळा पडला असेल तर या आठवड्यातच बदला. भेटू पुढच्या भागात!